विजापूरची गायब ओळ

आमच्या दंतमंजनाच्या कारखान्यात आकड्यांचं यंत्र आलं, त्याचं खरं कारण एवढंच, की समोरच्या उदबत्तीवाल्याकडे ते नव्हतं. बाकीची कारणं यंत्र आल्यावर तयार झाली. बंगळूरच्या राजाजीनगरात तेव्हा, म्हणजे एकसष्ट साली, नवे कारखाने भराभर उठत होते आणि प्रत्येक मालकाला शेजाऱ्याच्या फाटकातून आत काय चाललंय ते बघायची सवय होती. आमचे मालक नरसिंहराव. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी 'कुंदकळी' दंतमंजनाची पहिली डबी स्वतःच्या स्वयंपाकघरात कुटून भरली होती आणि पुढची तीस वर्षं कुठल्या गावाला किती डबे लागतात हे बोटांवर मोजून अचूक सांगितलं होतं. मग त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि घरात जावई आला.

जावयाचं नाव त्रिविक्रम. कलकत्त्याला सहा महिने राहून आकडेशास्त्राचा एक वर्ग त्यांनी पुरा केला होता आणि तिथून ते एक पट्टी, तीन रंगांच्या पेन्सिली आणि 'आकडे बोलतात' हे वाक्य घेऊन आले होते. परदेशी कंपनीचं यंत्र त्यांनीच भाड्याने आणवलं. दोन कपाटांएवढं ते यंत्र चालू झालं की शेजारच्या खोलीतला फोन ऐकू येत नसे. अण्णा पाहुण्यांना आधी ते यंत्र दाखवत आणि मग कॉफी देत.

मी वसुमती. आमचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग या गावात आलं असं वडील मोठ्या ऐटीत सांगत. तीनशे वर्षांनी त्याच घराण्यातली मी कार्डांना भोकं पाडायच्या कामावर लागले. काम सोपं होतं. म्हैसूर राज्याचे एकोणीस जिल्हे, प्रत्येक जिल्ह्याला आमचा एक विक्रेता. तो गावोगाव फिरून दुकानदारांकडून मागणी घेई आणि चिठ्ठ्या टपालाने पाठवी. एका चिठ्ठीचं मी एक कार्ड करायची; किती डझन डबे, ते भोकांनी लिहायचं. महिना संपला की जिल्हावार गठ्ठे यंत्रात घालायचे. प्रत्येक गठ्ठ्याच्या वर एक वेगळं कार्ड असे, त्याला आम्ही म्होरक्या म्हणायचो. म्होरक्याच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक असे. ते भोक लागलं की यंत्र आधीच्या जिल्ह्याची बेरीज छापून टाकी आणि नव्या जिल्ह्याची शून्यापासून सुरू करी. यंत्राची सगळी अक्कल त्या एका भोकात होती.

दर शुक्रवारी दुपारी त्रिविक्रम आमचा वर्ग घेत. विक्री खात्याचे मॅनेजर मल्हारराव, चार कारकून आणि मी. फळ्यावर ते रेघ काढत आणि ती वर गेली की आनंद कसा मानायचा, खाली आली की चिंता कशी करायची, ते शिकवत. मल्हारराव पन्नाशीचे, जिल्हान् जिल्हा पायाखाली घातलेले. ते पहिल्या बाकावर बसून शाळकरी पोरासारखे सरासरी काढत आणि चुकली की माझ्या वहीत डोकावत. मला मात्र तो विषय आवडायचा. खोटं कशाला सांगू, शेकडेवारी काढता आली त्या दिवशी मी घरी जाऊन दोन्ही बहिणींना किती टक्के भात उरला ते सांगितलं होतं.

त्या वर्षी आयुधपूजेच्या दिवशी अण्णांनी हुकूम काढला, की कारखान्यातलं एकही आयुध पूजेवाचून राहता कामा नये. फाटकाशी कोहळा फोडला, लॉरीच्या चाकांखाली लिंबं चिरडली, कुटायच्या गिरणीला, तराजूला, टाइपरायटरला शेवंतीच्या माळा पडल्या. यंत्राला तर नवरीसारखं सजवलं. मग अण्णांचं लक्ष कार्डांच्या गठ्ठ्यांकडे गेलं. सप्टेंबरचे एकोणीस गठ्ठे बांधून तयार होते. "हीही कामच करतात की," अण्णा मला म्हणाले, "यांना का वगळता, अक्का?" मी वाटीत कुंकू कालवलं आणि एकोणीस म्होरक्यांना अंगठ्याने एकेक टिळा लावला.

एका कार्डावर माझा अंगठा घसरला आणि टिळा डाव्या कोपऱ्यातल्या भोकावर बसला. ओलं कुंकू भोकात भरलं आणि वाळून घट्ट झालं. हे मला तेव्हा कळलं नाही. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जो काही शहाणपणा उसळला तो सगळा त्या बोटभर कुंकवावर उभा आहे.

दसऱ्यानंतर यंत्र चालवलं. यादी छापून आली, तीत अठराच जिल्हे होते. विजापूरची ओळच नव्हती. विजापूरच्या म्होरक्याचं भोक बुजल्यामुळे यंत्राला नवा जिल्हा लागल्याचं कळलंच नाही. त्याने विजापूरचे सगळे डबे निमूटपणे यादीत वरच्या बेळगावात मिळवून टाकले. बेळगाव दर महिन्याला बाराशे डझनांच्या आसपास असायचं, ते एकदम तीन हजार सेहेचाळीस झालं. विजापूर शून्य.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने गोदामात जाऊन विचारलं असतं, की विजापूरच्या नावाने सप्टेंबरात ज्या पेट्या लॉरीत चढवल्या त्या कुठे गेल्या. गोदाम यंत्राच्या खोलीपासून चाळीस पावलांवर होतं. पण तिथला हिशेब पेन्सिलीने लिहिलेला असायचा आणि आमचा छापून आलेला होता. त्रिविक्रमांनी तिन्ही रंगांच्या पेन्सिलींना टोक काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, की हे असं का घडलं याची कारणं सोमवारपर्यंत लिहून आणा.

कारणं भरपूर आली. अण्णांचं म्हणणं पडलं, की विजापूरचं पाणी खारट, लोकांचे दात लवकर पडतात, आता घासायला काही उरलं नसेल. त्रिविक्रमांनी लिहिलं, की विजापूरची बाजारपेठ पूर्ण भरली आहे आणि भरलेल्या भांड्यात आणखी ओतता येत नाही. बाजारपेठ एका महिन्यात अठराशे डझनांवरून शून्यावर कशी भरते, हे त्यांनी लिहिलं नाही. मल्हाररावांनी आठ पानं लिहिली. त्यातली सहा बेळगावचा विक्रेता चंद्रकांत याच्या कष्टाळूपणावर होती. चंद्रकांत त्यांचा सख्खा भाचा. उरलेल्या दोन पानांत विजापूरचा विक्रेता देवाप्पा किती आळशी आहे ते होतं आणि ही गोष्ट आपल्या ध्यानात फार पूर्वीच आली होती असंही होतं.

मीही लिहिलं. विजापूरकडचे लोक मशेरी लावतात, मशेरीचं प्रमाण वाढलं असणार आणि म्हणून मंजन खपत नसणार, असं मी दोन पानांत, सुवाच्य अक्षरात, शेकडेवारीसकट पटवून दिलं. मी आयुष्यात विजापूर पाहिलेलं नव्हतं. त्रिविक्रमांनी माझी दोन पानं सगळ्यांपुढे वाचून दाखवली आणि मला फार बरं वाटलं.

सोमवारच्या बैठकीत ठरलं, की देवाप्पाला महिनाअखेर कामावरून कमी करायचं. तसं पत्र त्याच दिवशी गेलं: नमुन्यांची पिशवी आणि मागणीची पुस्तकं घेऊन बंगळूरला यावं आणि जमा करावीत. देवाप्पा इंडी तालुक्यातला, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलणारा माणूस. नऊ वर्षं तो त्या जिल्ह्यात सायकलीवरून फिरत होता. घरात सात माणसं आणि मिळवणारा हा एकटा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि बैठकीत कुणीच बोललं नाही, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी सप्टेंबरचे गठ्ठे कपाटात लावत होते. विजापूरचा गठ्ठा हातात घेतला आणि म्होरक्यावर अंगठा फिरला. जिथे भोक लागायला हवं तिथे खरखरीत काहीतरी लागलं. नखाने टोकरलं तर लाल खपली निघाली आणि पलीकडचा उजेड दिसला.

मग तो आणि बेळगावचा गठ्ठा सोडून एकेक कार्ड हाताने मिळवलं. विजापूर अठराशे छत्तीस. बेळगाव बाराशे दहा. दोन्ही मिळून बरोबर तीन हजार सेहेचाळीस. जुन्या याद्या काढून बघितल्या. यंत्र आल्यापासूनच्या सातही महिन्यांत विजापूर सगळ्या राज्यात पहिलं किंवा दुसरं होतं, आणि सातही महिन्यांत सतराशे-अठराशेच्या आसपास. त्यावर वर्गात एकदाही चर्चा झाली नव्हती, कारण ती रेघ वरही जात नव्हती आणि खालीही. मशेरीची माझी दोन पानं आठवून मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

कार्ड घेऊन मी त्रिविक्रमांकडे गेले. त्यांनी ते उजेडाकडे धरून नीट पाहिलं. भोक त्यांना दिसलं, कुंकू दिसलं, माझी बेरीजही त्यांनी वाचली. मूर्ख माणूस नव्हता तो. मूर्ख असता तर मला इतका राग आला नसता.

"वसुमतीबाई," ते शांतपणे म्हणाले, "यंत्राने दिलेलं उत्तर आपण हाताने तपासायला लागलो, तर यंत्र कशाला आणलं?"

मी म्हटलं, मग यंत्रानेच पुन्हा तपासू, गठ्ठे पुन्हा चालवू. ते म्हणाले, सप्टेंबरचा अहवाल अण्णांच्या सहीने पक्का झालाय, पक्का अहवाल बदलला तर पुढच्या कुठल्याच अहवालावर विश्वास उरणार नाही. मग ते थोडे पुढे वाकले आणि आवाज खाली आणून विचारलं, की आयुधपूजेमुळे हिशेब बिघडला हे अण्णांना कोण सांगणार, तुम्ही सांगता का? पूजेने कारखान्याचं नुकसान केलं, असं अण्णांच्या तोंडावर बोलेल असा माणूस त्या आवारात नव्हता. मी अण्णांच्या दारापर्यंत गेले. आत ते समोरच्या उदबत्तीवाल्याला बेळगावची चढती रेघ दाखवत होते. मी परत फिरले. माझ्या पगारावर तीन माणसं जेवत होती आणि मला भीती वाटली, यापलीकडे त्याला कारण नाही.

गुरुवारी देवाप्पा आला. यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. उन्हाने काळवंडलेला, डोक्याला रुमाल, पायात मोटारीच्या टायरच्या चपला. मल्हारराव दिवसभर त्याला भेटलेच नाहीत. मी पाणी आणि ते कार्ड घेऊन गेले आणि हळूच सांगितलं, की तुमची विक्री शून्य नाही, यादीत चूक आहे. वाटलं होतं, उसळेल, ओरडेल, माझ्या हातून कार्ड हिसकावून घेईल.

"यंत्र लबाड कशाला बोलंल, अक्का?" तो म्हणाला. "त्याला काय माझ्याशी वैर हाय? माझंच स्वल्प चुकलं असंल."

आणि तो मला स्वतःची चूक शोधून दाखवायला लागला. सप्टेंबरात दोन दिवस ताप आला होता. मुद्देबिहाळच्या बाजाराला एक खेप हुकली होती. सिंदगीचा एक दुकानदार रागावला होता. महिनाभर सायकल मारून घेतलेल्या मागण्या त्याच्या डोक्यातून पुसल्या गेल्या होत्या आणि तापाचे दोन दिवस तेवढे उरले होते. यंत्राने शून्य म्हटलंय म्हणजे ते शून्य कुठून तरी आलं असणारच, या हिशेबाने तो ते जुळवत होता. आम्ही ऑफिसात जे केलं तेच तो बाकावर बसून करत होता, फक्त त्याचं पोट त्यावर होतं. मला त्याचा राग आला, मग माझा आला, आणि मग मी आत जाऊन ऑक्टोबरची कार्डं काढली.

खरं सांगून भागत नाही, हे मला मंगळवारीच कळलं होतं. पण पाच महिने शुक्रवारचे वर्ग मी उगीच केले नव्हते. त्या वर्गात लोकांना काय आवडतं ते मला चांगलं ठाऊक झालं होतं. सव्वीस तारखेपर्यंत आलेल्या चिठ्ठ्यांची कार्डं तयार होती. विजापूरला नवा म्होरक्या करून घातला आणि यंत्र चालवलं. विजापूर पंधराशे वीस, बेळगाव एक हजार चाळीस.

शुक्रवारी वर्गात मी हात वर केला आणि म्हटलं, मला एक निष्कर्ष मांडायचाय. फळ्यावर दोन रेघा काढल्या. विजापूरची शून्यातून उठून सरळ वर जाणारी; बेळगावची उंच शिखरावरून खाली कोसळणारी.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या अहवालाचा हा परिणाम आहे. ज्याला तंबी मिळाली तो शून्यातून उठला, आणि ज्याचं कौतुक झालं तो ढिला पडला."

देवाप्पाला पत्र मिळून दोन दिवसही झाले नव्हते आणि पंधराशे डझनांतल्या बहुतेक चिठ्ठ्या त्याआधीच्या तारखांच्या होत्या. तारखा कुणी विचारल्या नाहीत आणि मी सांगितल्या नाहीत. मल्हाररावांचा चेहरा भाच्याच्या रेघेबरोबर खाली येत गेला. पण सप्टेंबरचा आकडाच चुकीचा होता असं म्हणायची त्यांना सोय नव्हती, त्यावर सहा पानं लिहून बसले होते. आणि त्रिविक्रम? मंगळवारी ज्यांनी ते कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं होतं, त्यांनी आज माझ्या हातातून खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: धाक वाढला की विक्री वाढते, कौतुक वाढलं की घटते. मला वाटतं त्या क्षणी त्यांचाही त्यावर खरोखर विश्वास बसला. आपल्यामुळे काही घडलं असं सांगणाऱ्या आकड्यावर अविश्वास दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

संध्याकाळी देवाप्पाचं पत्र मागे घेतलं गेलं. मी एकटीच खोलीत बसून हसले, आणि स्वतःवर फार खूश झाले. ती खुशी चार दिवस टिकली.

पाचव्या दिवशी अण्णांनी तो नियम फ्रेम करून भिंतीवर लावला आणि नियम आहे तर तो वापरायला नको का, म्हणून उरलेल्या अठराही विक्रेत्यांना तंबीची पत्रं गेली. टाइप केलेला मजकूर एकच, नाव तेवढं वेगळं. आपली विक्री समाधानकारक नाही. एका महिन्यात सुधारणा न दिसल्यास. तुमकूरच्या शिवाप्पांची तीस वर्षं नोकरी झाली होती. अण्णांनी स्वयंपाकघरात भरलेल्या डब्या सगळ्यांत आधी ज्यांनी विकल्या त्यांतले ते एक. त्यांनी पत्र वाचलं, त्याच पत्राच्या मागे राजीनामा लिहिला आणि पाठवून दिला. मल्हारराव म्हणाले, बरं झालं, कमजोर माणूस आपोआप गळला. मी एकाला वाचवायला एक थाप मारली होती आणि आता ती थाप कारखान्याचं धोरण झाली होती. शिवाप्पांचा राजीनामा मीच फाइलला लावला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी अण्णांनी बक्षीस समारंभ ठेवला. सगळ्या राज्यात सर्वांत जास्त वाढ दाखवल्याबद्दल देवाप्पाला मनगटी घड्याळ मिळालं. शून्यावरून पंधराशे वीस. एवढी वाढ टक्क्यांत सांगताच येत नाही, असं त्रिविक्रम भाषणात म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाप्पाने अण्णांना नमस्कार केला, त्रिविक्रमांना केला, मल्हाररावांनाही केला.

गावी निघायच्या आधी तो माझ्या खोलीत आला. घड्याळ त्याच्या सावळ्या मनगटावर थोडं सैल बसलं होतं. म्हणाला, साहेबांनी डोळे उघडले म्हणून बरं झालं, त्या महिन्यात मी खरंच झोपलो होतो बघा. पुढच्या वेळी ताप आला तरी फिरणार.

मला ते ऐकवेना. दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं: कुंकू, म्होरक्या, बेळगावात गेलेले त्याचे डबे, फळ्यावरच्या माझ्या दोन रेघा. सातही महिन्यांच्या याद्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि प्रत्येक यादीत विजापूरच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. त्याला आकडे वाचता येत होते. तो सावकाश वाचत गेला. सतराशे नव्वद. अठराशे बारा. सतराशे साठ.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

"नाही."

"आणि त्याच्या आधी? यंत्र यायच्या आधी?"

मी म्हटलं, यंत्र नव्हतं तेव्हाही गोदामातून विजापूरला एवढेच डबे जात होते, मी काल जाऊन पेन्सिलीचा हिशेब बघून आले. नऊ वर्षं.

मग त्याने विचारलं, "मग अक्का, या नऊ वर्षांत मला कुणी एकदाबी का नाही बोलावलं?"

त्याने याद्या नीट एकावर एक ठेवून माझ्याकडे दिल्या, पिशवी खांद्याला लावली आणि साडेचारच्या मोटारीसाठी निघून गेला.